सोजराबाईची फुंकर

१

हिवाळ्यात डिझेलची गाडी सुरू करणं एका माणसाचं काम नाही. उकंडरावाला हे ठाऊक होतं, पण तो ते कबूल करत नसे.

महाराष्ट्र राज्य होऊन चारपाच वर्षं झाली होती. साखरखेर्ड्यात स्वतःची गाडी असलेला उकंडराव एकटाच. पुढे लांब नाक असलेला जुना ट्रक त्याने लिलावात घेतला होता. मळ्यातली वांगी, कोबी, मेथी भरायची आणि उजाडता उजाडता शेगावच्या वाटेला लागायचं, हा त्याचा धंदा. शेगावात यात्रेकरूंचा राबता बारमाही. भाजी वेळेत पोचली तर तिला गिऱ्हाईक, नाहीतर ती गुरांच्या पुढ्यात.

रात्री बॅटरी काढून घरात चुलीजवळ ठेवायची. पहाटे पुन्हा जोडायची. रेडिएटरमध्ये कढत पाणी ओतायचं. चुलीतला विस्तव घमेल्यात घेऊन इंजिनाच्या पोटाखाली सरकवायचा, म्हणजे आतलं घट्ट झालेलं तेल सैल होतं. मग बॉनेट उघडून हवेच्या पाईपवरचं झाकण काढायचं. एकाने त्या तोंडाशी काडीला बांधलेला, डिझेलमध्ये भिजवलेला चिंध्यांचा पेटता बोळा धरायचा, दुसऱ्याने सीटवर बसून सेल्फ मारायचा, म्हणजे स्टार्टरचं बटण दाबायचं. इंजिन फिरलं की हवा ओढतं, हवेबरोबर आच आत जाते आणि गाडी धरते. एवढी साधी गोष्ट.

क्लीनर दिवाळीलाच निघून गेला. उकंडरावाचं तोंड त्याला सोसलं नाही. थंडी वाढली तशी बोळा धरायला बायको आली.

सोजराबाई कमी बोलणारी बाई. मुलगी मेहकराकडे दिलेली, घरात दोघंच. पहिल्या दिवशी तिच्या हातातला बोळा नुसता धुपत राहिला. उकंडराव सीटवरून खेकसला, "अवं, पाह्यतं काय! जाळ कर ना!"

तिने घरातून चुलीची फुंकणी आणली. फुंकणी बोळ्याला लावली आणि चुलीपुढे बाया हळूच पुटपुटतात तशी म्हणाली, "घे माय, घे."

तिने फुंकर घातली. उकंडरावाने सेल्फला बोट लावलं न लावलं, गाडी धरली. खोकली नाही, धूर ओकली नाही. उन्हाळ्यात धरते तशी धरली.

उकंडरावाने गिअर टाकला आणि निघाला. चांगलं झालं तर बोलायचं कशाला, अशी त्याची रीत.

२

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिसऱ्या दिवशी टोपल्या लादायला आलेल्या तुळशीरामाने ते पाहिलं. तुळशीराम शेजारच्या मळ्याचा मालक, जिभेला हाड नसलेला माणूस.

"काय गा उकंड्या," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "गाडी तर वहिनीची दिसून राह्यली. तू निस्ता डायवर!"

लादणारे हसले. सोजराबाईही पदरात तोंड लपवून हसली. ते हसू उकंडरावाला लागलं. हसली म्हणून नव्हे. ती हसते हे तो विसरून गेला होता, म्हणून.

पुढच्या पहाटे त्याने तिला उठवलं नाही. पाणी त्याने तापवलं, विस्तव त्याने नेला. बोळा तारेने पाईपला बांधला आणि सेल्फ मारला. इंजिन घरघरलं आणि बसलं. पुन्हा मारला, पुन्हा बसलं. बॅटरी उतरायला लागली. लादणारे चौघं मागून रेटू लागले. गाडी गावकुसापर्यंत रेटत नेली, चाकं फिरली, इंजिन धरेना.

"उकंड्या, वहिनीले बोलाव ना बे," तुळशीराम धापा टाकत म्हणाला. "माही मेथी सुकून राह्यली. इथं कोन पाह्यते तुही मिजास?"

सोजराबाई आपणच आली होती. केस मोकळे, अंगावर घोंगडी. फुंकणी आणली नव्हती. तिने तारेचा बोळा सोडवला, पेटवून हातात धरला आणि पाईपाच्या तोंडाशी वाकली. उकंडराव खाली उतरून तिच्या शेजारी उभा होता. सेल्फवर कोणी नव्हतं. इंजिन निपचित होतं.

बोळ्याची ज्वाळ पाईपाकडे वळली.

नुसती वळली नाही. लांब झाली, तिचं टोक पाईपाच्या आत गेलं, थोडं थांबलं, आणि ज्वाळ पुन्हा सरळ उभी राहिली. मग पुन्हा आत गेली. झोपलेल्या माणसाच्या नाकाशी दिवा धरावा तसं.

"वारा सुटला," उकंडराव म्हणाला.

त्याच्या ओठातल्या बिडीचा धूर सरळ वर जात होता.

"घे माय," सोजराबाई म्हणाली. "मी आली ना आता."

लग्नाला इतकी वर्षं झाली. 'मी आली ना आता' असं तिने त्याला कधी म्हटलं होतं का, हे उकंडराव शेगावच्या वाटेवर आठवत राहिला. आठवलं नाही.

३

वाऱ्याची गोष्ट त्याने डोक्यातून काढून टाकली. इंजिन रात्रभर थंड पडतं, आतली हवा आकसते, बाहेरची ओढली जाते. असं काहीतरी असणार. मिस्त्रीला विचारलं तर सांगेल. तो स्वतःला असं समजावत असे आणि समजतही असे. फक्त ज्वाळ बाहेर येऊन पुन्हा आत का गेली, तिथे त्याचं डोकं अडत असे.

त्याला जाळत होती ती दुसरी गोष्ट.

सोजराबाई आता त्याच्या आधी उठू लागली. जाग आली की गोधडीचा तिचा भाग थंडगार. भिंतीपलीकडे अंगणात गाडी उभी असे. तिथून आवाज येई. बोलण्याचा नाही. लांब श्वास सोडल्याचा, आणि मग तसाच लांब श्वास घेतल्याचा. सोडणारा एक आणि घेणारा दुसरा, असं कानाला वाटे. तो खोकत बाहेर जाई तेव्हा ती बॉनेटवर वाकलेली असे, ओठ पाईपाच्या तोंडावर. फुंकणी नाही, बोळा नाही.

"काऊन वं, काय करून राह्यलं?"

"गरम करतो. तुम्ही सेल्फ मारा."

तो सेल्फ मारी, गाडी धरी. ती बाजूच्या कठड्यावर बसे, छातीवर हात धरून, डोळे मिटून. चेहरा पांढरा, ओठ काजळीने काळे. त्या चेहऱ्यावर समाधान असे. उकंडरावाला निदान ते समाधान दिसे.

घरात उलटं झालं. चूल पेटवताना तिची फुंकर निखाऱ्यापर्यंत पोचेना. दोन फुंकरा घातल्या की धाप लागे. भाकरी कच्च्या राहू लागल्या. विहिरीवरून घागर आणताना ती दोनदा टेके. शेजारणी विचारत, "सोजरे, दुखणं आलं का गं?" ती मान हलवून नाही म्हणे.

बायको खंगत होती. कोणत्याही नवऱ्याला ते दिसलं असतं. उकंडरावालाही दिसलं, पण त्याने त्याचा अर्थ वेगळा लावला. गाडीपाशी सगळं देऊन येते आणि माझ्या वाट्याला उरलेलं आणते. माझ्या भाकरीपुरती फुंकर तिच्याजवळ नाही.

गाडीही त्याचीच आणि बायकोही त्याचीच. दोघींचं काहीतरी चालू होतं आणि त्यात त्याला जागा नव्हती.

४

गाडी सोजरावाचून सुरू व्हावी म्हणून त्याने चिखलीहून कचरू मिस्त्रीला आणलं. कचरू लठ्ठ, विनोदी माणूस. काम करताना गाणी म्हणणारा.

"थंडीत गाडी माणसासारखीच कुरकुरते, उकंडराव. तुमची मंडळी नाही कुरकुरत का?"

"गाडी पाह्य," उकंडराव म्हणाला.

कचरूने पंप पाहिला. नोझल काढून हवेत फवारा मारून पाहिला. फिल्टर धुतला. डिझेलच्या नळीचे बोल्ट सैल करून बुडबुडे येतात का ते पाहिलं. लाईनीत हवा नव्हती. सगळं ठीक होतं. थंडीत अडावी असं काहीच नव्हतं. गाणं चालूच होतं.

मग त्याने हवेचा पाईप खोलला. दिवसाचं लख्ख ऊन होतं. त्याने पाईप उन्हाकडे धरला, आत डोळा लावला आणि गाणं थांबलं.

"काय आहे?"

कचरूने आत बोट फिरवून बाहेर काढलं. इतकी वर्षं चाललेल्या गाडीचा पाईप. आत बोटभर काजळी हवी. बोट स्वच्छ होतं, आणि ओलं. गायीच्या नाकपुडीत घालून काढावं तसं ओलं. थंडीत त्या बोटातून वाफ निघत होती.

"याले तोंड कोन लावते?" कचरूने विचारलं.

उकंडरावाने मान वळवली. ओसरीत सोजराबाई खांबाला टेकून उभी होती.

कचरूने पाईप जागेवर बसवला. नट आवळताना त्याने एकदाही पाईपाच्या तोंडासमोर आपलं तोंड येऊ दिलं नाही, मान वाकडी करून काम करत होता. मग मातीने हात घासून धुतले, पुन्हा धुतले.

"चहा ठेवला आहे, भाऊ," सोजराबाई म्हणाली.

"नको वहिनी. एश्टी चुकंल." निघताना तो उकंडरावाला बाजूला घेऊन म्हणाला, "बाईले इथून हलवा. लवकर हलवा."

उकंडरावाने ऐकलं. त्याच्या मनात होतं तेच मिस्त्रीने सांगितलं, असं त्याला वाटलं. दोघींना वेगळं करा.

५

सोजराबाईचं माहेर रोहिणखेड. दुसऱ्या दिवशी त्याने तिला एश्टीत बसवायला नेलं. म्हातारी आई मनकर्णाबाई तिकडे एकटी आहे, तिला भेट, चार दिवस राह्य, असं सांगितलं. सोजराबाईने बोचकं मांडीवर घेतलं. मोटार सुटायला आली. मग खिडकीतून वाकून त्याचं मनगट धरलं.

"एक ऐका माहं. मी नाही तवर गाडी उभी राहू द्या."

"माल कोन नेईन? तुहा बाप?"

"नेऊ द्या कोनाले बी. पन तुम्ही तिले तोंड लावू नका. तुम्हाले माही आन हाय. लावू नका."

मनगटावरची तिची बोटं थंड होती, पण पकड घट्ट होती. उकंडरावाने ती सोडवली. एश्टी गेल्यावर तो बराच वेळ तिथेच उभा राहिला. आपल्या माणसावर दुसऱ्याने डोळा ठेवू नये म्हणून कोणी बजावून जावं, तसं ती बजावून गेली होती. आपल्यामागे गाडीला कोणी शिवू नये, नवऱ्याने सुद्धा नाही. इतकं!

पुढच्या पहाटे गाडी सुरू झाली नाही. पाणी झालं, विस्तव झाला, बोळे झाले, रेटणं झालं. कोबी पिवळी पडली. तुळशीरामाने टोपल्या उतरवून बैलगाडीत भरल्या.

"राग मानू नको उकंड्या, पन वहिनीले घेऊन ये. तुह्या हातचं नाही ते."

बैलगाडी गेली. अंगणात धुकं होतं, सूर्य त्याच्यामागे कुठेतरी उगवला होता. उकंडराव बॉनेटवर वाकला. कोणी पाहत नाही याची खात्री केली आणि पाईपाच्या तोंडाला तोंड लावलं.

लोखंड गार नव्हतं.

त्याने फुंकर घातली. ती त्याच्या फुंकरीएवढीच थांबली नाही. छातीत होती ती सगळी हवा निघाली, नव्हती तीसुद्धा निघाली. आतून कोणीतरी हळूच, अगदी न दुखवता, ओढत होतं. आणि ओढता ओढता त्याच्या ओठांवर काहीतरी क्षणभर दाबलं गेलं. मऊ होतं.

तो मागे पडला. अंगण फिरलं. उठून, धडपडत सीटवर चढून त्याने सेल्फ मारला. गाडी धरली.

उकंडराव स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. मग खोकला. खोकला बिडीचा आहे, असं त्याने ठरवलं.

६

त्यानंतर गाडी रोज सुरू झाली. लोक म्हणाले, उकंडरावाला गाडीची खुबी सापडली. तो मान ताठ ठेवी. शेगावच्या बाजारात टोपली उचलायला गेला तर ती खांद्यापर्यंत पोचेना, पायऱ्या चढताना मध्ये टेकावं लागे. सदरा अंगावर झोळीसारखा झाला. त्याला पर्वा नव्हती. त्याच्या जिवाला एकच कुरतड होती. सोजराच्या वेळी गाडी गपकन धरत असे. त्याच्या वेळी धरायची, पण थोडी खोकून. नाइलाजाने धरल्यासारखी.

तिला दाखवावं, असं त्याच्या मनाने घेतलं. तुझ्यावाचून चालतं, हे तिच्या डोळ्यांनी तिला दिसू दे.

एका सकाळी माल न भरताच तो निघाला. बुलढाणा मागे टाकून राजूर घाट उतरला, मोताळ्याहून रोहिणखेड गाठलं. ऊन चांगलं वर आलं होतं. जुन्या मशिदीच्या अलीकडे सासूचं घर. त्याने गाडी दारात उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. मुद्दाम.

सोजराबाई विहिरीवरून दारात आली. तो पाहतच राहिला. गाल भरले होते, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि डोक्यावर पाण्याची भरली घागर. धाप नव्हती.

इंजिन बंद पडलं. डिझेल होतं, इंजिन तापलेलं होतं. ती दारात आली आणि ते बंद पडलं.

सोजराने घागर खाली ठेवली. ती त्याच्याकडे पाहत होती, त्याच्या काळ्या ओठांकडे.

"लावलं तुम्ही तोंड," ती म्हणाली.

"माही गाडी आहे."

मनकर्णाबाई काठी टेकत बाहेर आली. "जावईबापू, किती वाळले हो! घरात या, भाकर खा."

"मी निघालो. निस्तं दाखवाले आलो होतो." त्याने सेल्फ मारला. इंजिन घरघरलं आणि बसलं. तो खाली उतरला, बॉनेटवर हात ठेवला. घाट उतरून आलेली गाडी, उन्हात उभी, आणि पत्रा विहिरीतल्या दगडासारखा गार.

त्याने बॉनेट उघडून झाकण काढलं. सोजरा धावत आली.

"व्हा बाजूले. मी देतो तिले. तुमच्या छातीत काही उरलं नाही आता."

"आलीस ना वळणावर! करमत नव्हतं तुले तिच्यावाचून!"

"काय बोलून राह्यले तुम्ही!" तिचे डोळे भरून आले. "तिले कोना एकाच्या छातीतलं लागते. त्या दिवशी फुंकणीतून ओढलं तिनं, तवाच समजलं मले. मी नाही दिलं असतं तं तुमचं घेतलं असतं. म्हणून देत होती. तुमची छाती आधीच बिडीनं खाल्लेली. मी बाई मानूस, चूल फुंकून फुंकून छाती तयार झालेली. वाटलं, हिवाळा निघून जाईन."

हे खरं असेल, असं उकंडरावाला एक क्षण वाटलं. तेवढ्यात त्याची नजर खाली गेली.

वारा नव्हता. समोरच्या लिंबाचं पान हलत नव्हतं. पण सोजराच्या पदराचं टोक तिच्या कमरेपासून सुटून आडवं झालं होतं आणि पाईपाच्या तोंडाकडे ताणलं जात होतं. सैल पडे, पुन्हा ताणलं जाई. उकंडराव तिच्यापेक्षा पाईपाच्या जवळ उभा होता. त्याच्या खांद्यावरचं उपरणं सरळ खाली लोंबत होतं.

सोजरा वाकली. त्याने तिला दोन्ही हातांनी ढकललं. ती धुळीत पडली, म्हातारी ओरडली, गल्लीतली माणसं धावली. उकंडरावाने बॉनेटला मिठी मारली आणि पाईपाचं तोंड आपल्या तोंडाने बंद केलं, दुसऱ्या कोणाला जागा राहू नये असं.

या वेळी गाडीने वाट पाहिली नाही. सेल्फवर कोणी नव्हतं, तरी इंजिन फिरलं. एकदा खोकलं आणि धरलं. मग एका लयीत, न अडखळता चालू लागलं. सोजरासाठी चालत असे तसं. उकंडरावाला ते कळलं आणि त्याचं सगळं अंग निवलं.

मागून त्याचे खांदे ओढले जात होते. हात सुटले. तो खाली सरकला आणि पुढच्या चाकाशी टेकून बसला. दिसत होतं, ऐकू येत होतं. सोजरा त्याच्यावर वाकली होती. तिचा हात त्याच्या छातीवर होता आणि चेहरा बदलत चालला होता.

"उकंडराव!" ती ओरडली.

लग्नात नाव घेतलं तेवढंच. त्यानंतर तिने ते कधी उच्चारलं नव्हतं. गल्लीतल्या बाया चपापल्या.

"उकंडराव! अवो, बोला ना!"

तो जवळच होता. हाक ऐकली की ओ द्यावी, हे त्याला कळत होतं. ओ द्यायला श्वास लागतो. तो त्याने छातीत शोधला.

"ओ," बॉनेटमधून आवाज आला. घोगरा, बिडीने खरवडलेला.

सोजराने त्याच्या छातीवरचा हात काढून घेतला. ती उठली आणि बॉनेटजवळ गेली. पत्र्यावर तळवा ठेवला, कान टेकवला.

"कुठं आहा तुम्ही?" तिने हळूच विचारलं. "मी आहे इथं. भिऊ नका."

उकंडराव तिच्या पायाशी बसून ऐकत होता. इतक्या मायेने ती त्याच्याशी कधीच बोलली नव्हती.